आबांची वही : ‘एसएस ८०’ म्हणजे काय, कुणी सांगेल का?

वेण्णाकाठचा

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे वडील, गेल्या महिन्यात गेले. वय चौऱ्याऐंशी. शेवटचे आठ-दहा दिवस सोडले तर अंघोळीचं पाणीसुद्धा स्वतः काढून घेत होते, त्यामुळे भेटायला येणारा प्रत्येक जण ‘सोनं झालं’ म्हणत चहा पिऊन गेला. झालंही असेल सोनं. मला मात्र सकाळी सहाला त्यांच्या खोलीतला रेडिओ लागला नाही की अजून दचकायला होतं.

तेराव्यानंतर आज्जीनं त्यांची ट्रंक उघडली. काळी, लोखंडी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. वरती गरम कोट, त्याखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा. डब्यात पाच पदकं आणि एक लांबट वही. वही शिसपेन्सिलीनं लिहिलेली, तारखा नाहीत, गावांची नावं नाहीत. नोंदी या अशा:

‘एसएस ८०. रात्री. उजवा काठ मऊ.’
‘डीएस ११०. रोलर दोन कमी. तरी झाला.’
‘एसएस ६०. जुन्या पायावर. लोक लगेच चालाय लागले.’
‘एसएस ५०. आधी म्हातारी.’

अशी अकरा पानं. शेवटच्या नोंदीचा तर काहीच बोध होत नाही.

थोडी पार्श्वभूमी. आबा साताऱ्याजवळच्या खेड्यातले. आमच्याकडं घरटी एक माणूस फौजेत, त्याचं कुणाला कौतुक नाही. जवळच्या अपशिंग्याच्या नावापुढं तर ‘मिलिटरी’च लागतं. आबा १९६० साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे फौजेच्या पूल-रस्ते बांधणाऱ्या दलात भरती झाले, साधे सॅपर (त्यातला जवान) म्हणून. नोकरीत असतानाच डिप्लोमा केला, सुभेदार होऊन १९८० साली बाहेर पडले आणि पाटबंधारे खात्यात लागले. रिटायर होईपर्यंत धोम धरणाच्या कालव्यांवर. गावात त्यांना ‘पाटाचं सायब’ म्हणायचे. फौजेतल्या वीस वर्षांबद्दल त्यांनी घरात बोललेलं सगळं एका पोस्टकार्डावर मावेल.

लढाई कशी होती विचारलं की म्हणायचे, ‘चिखल लई हुता.’ संपलं.

तर इथं कुणी माजी सैनिक असतील तर या नोंदी वाचायला मदत करा.

सातारी_कंदी

आबांना आदरांजली. आमच्याही घरी अशीच ट्रंक आहे, फक्त तिच्यात आता गव्हाची पोती ठेवतात. धागा वाचतोय.

निवृत्त_सुभेदार

जय हिंद. वाचून अंगावर काटा आला, कारण ही भाषा मला पाठ आहे.

एसएस म्हणजे सिंगल-सिंगल, डीएस म्हणजे डबल-सिंगल. हे सगळे बेली पूल आहेत, म्हणजे पॅनेल नावाच्या तयार लोखंडी चौकटी जागेवर जोडून उभे करायचे पूल. पुढचा आकडा लांबी, फुटात. बघा, सगळे आकडे दहाच्या पटीत आहेत, कारण बेलीचं एक पॅनेल बरोबर दहा फुटांचं. दोन्ही बाजूंना पॅनेलची एकेक रांग लावली की सिंगल. लांबी किंवा भार वाढला की शेजारी दुसरी रांग लावायची, ती डबल. दुसरा शब्द मजल्यांचा. एकावर एक पॅनेल चढवली तर डबल-डबल. तुमच्या आबांच्या वहीत तसं काही नाही, म्हणजे मध्यम नद्या, ओढे, खाड्या.

एका पॅनेलचं वजन साधारण २६० किलो. सहा माणसं उचलतात, मधे आडव्या दांड्या घालून. सहातल्या एकानं जरी पाय चुकवला तरी बाकीच्या पाचांच्या कमरा जातात. म्हणून हाळी देणारा एकच असतो आणि त्याच्याशिवाय कुणी बोलायचं नाही. रात्री उजेड न करता हे काम करायचं म्हणजे काय, ते केलेल्यालाच कळतं.

‘रोलर दोन कमी’ याचा अर्थ असा. बेली पूल नदीत उतरून बांधत नाहीत. आपल्याच काठावर रोलरवर जोडत जायचा आणि पुढं ढकलायचा. पुढच्या टोकाला फळ्या न घातलेला हलका सांगाडा असतो, त्याला नोज म्हणतात. मागचा भाग जड आणि पुढचा हलका, म्हणून अधांतरी असताना पूल पाण्यात कलंडत नाही. नोज पलीकडच्या काठाला टेकलं की निम्मी लढाई जिंकली. रोलर कमी असतील तर ढकलताना घाम निघतो. ‘तरी झाला’ या दोन शब्दांत तीसेक जणांचे हात आहेत असं समजा.

पदकांची नावं सांगाल का? प्रत्येकाच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, तेही बघा.

वेण्णाकाठचा

सुभेदारसाहेब, काय बोलू. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, ‘हाळी द्यायचा आवाज होता खरा त्यांचा.’ शेताच्या या टोकावरून मारलेली हाक गावात ऐकू यायची.

पदकं अशी: रक्षा मेडल, समर सेवा स्टार, पूर्वी स्टार, संग्राम मेडल आणि स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं एक. कडेवर नाव आहे, पण आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे.

निवृत्त_सुभेदार

मग सगळं जुळलं. संग्राम मेडल ७१ साली सेवेत असलेल्यांना सरसकट मिळालं. पूर्वी स्टार पूर्व आघाडीवर प्रत्यक्ष असलेल्यांना. म्हणजे आबा तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते. ६५ चंही तसंच, रक्षा मेडल सगळ्यांना आणि समर सेवा स्टार लढाईच्या टापूत असलेल्यांना.

माझा अंदाज सांगतो. ‘रात्री’ लिहिलेले पूल लढाईतले, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यातले. ‘लोक लगेच चालाय लागले’ हा १६ डिसेंबरनंतरचा असणार. शरणागती झाल्यावर लगेच घरी परत असं सॅपरच्या नशिबी नसतं. माघार घेताना पाकिस्तान्यांनी उडवलेले पूल, पेरलेले सुरुंग, सगळं निस्तरायचं होतं. आपली फौज मार्च ७२ मध्ये परतली. तोवर लोकांचे बाजार, एसट्या, बैलगाड्या याच पुलांवरून जात होत्या. आबा ‘चिखल लई हुता’ म्हणाले ना? एकही शब्द वाढवून सांगितला नाही त्यांनी. सगळा गाळाचा प्रदेश आहे तो, पुलाचं टोक ज्यावर टेकतं त्या बेसप्लेटखाली घालायला एक धड दगड सापडत नाही.

म्हातारीचं मात्र मला कळलं नाही.

पाटाचं_पाणी

मी पाटबंधारे खात्यातलाच, आता निवृत्त. आबांना ओळखत नव्हतो, पण फौजेतून आलेले असे दोन-तीन शाखा अभियंते माझ्या उमेदवारीच्या काळात होते. त्यांची सवय सांगतो. इतर साहेब कालव्यावर आले की गेटपाशी जीप थांबवायचे. हे लोक उतरून चालायचे. आणि आवर्तन (पाण्याची पाळी) सुटलं की हेडला, म्हणजे कालव्याच्या तोंडाला न थांबता थेट टेलला, शेवटच्या टोकाला जाऊन बसायचे. हेडवाला शेतकरी काहीही करून पाणी घेतोच. टेलच्या चारीत पाणी पोचलं तरच कालवा चालला म्हणायचं.

तुमचे आबा मोऱ्यांबद्दल, म्हणजे भरावाखालून पाणी जायच्या बांधीव वाटांबद्दल, काही म्हणायचे का? सहज विचारतोय.

वेण्णाकाठचा

सहज नाही विचारलंत तुम्ही. :)

मोरी हा आबांचा देवच होता. लहानपणी त्यांच्याबरोबर कालव्यावर फिरायला जायचं म्हणजे दर मोरीपाशी थांबायचं. खाली उतरून, ओणवं होऊन, दगडी बांधकाम आणि मातीचा भराव जिथं मिळतात तिथं तळहात टेकवायचे. ओल लागली की वास घ्यायचे. मग मलाही हात लावायला सांगायचे. ‘कोरडी हाय का वली? गार हाय का?’ मी सात वर्षांचा. मला वाटायचं सगळ्यांचे आजोबा असंच करतात.

त्याचं मूळ मला फार उशिरा कळलं. मी बारावीत असताना १२ जुलैला टीव्हीवर पानशेतच्या धरणफुटीबद्दल काहीतरी लागलं होतं. आबा जेवता जेवता म्हणाले, ‘मी हुतो की तिथं.’ आज्जीच्या हातातली पोळी हातात राहिली. तिलाही माहीत नव्हतं!

११ जुलै १९६१ च्या रात्री खडकीतून ट्रक भरभरून जवान नेले, त्यांत हे. भरतीला वर्ष-सव्वा वर्ष झालेलं, वय एकवीस. पावसात पोती भरायची आणि खचणाऱ्या भरावावर टाकायची. आबा म्हणाले, ‘पाच टाकली की तीन खाली जायाची. वरनं पाणी, खालनं पाणी. मोरीवरचाच भराव बसत हुता.’ पहाटे कधीतरी सगळ्यांना वर बोलावून घेतलं. सकाळी धरण गेलं. तो आवाज कसा होता हे मी विचारलं. त्यांनी ताक मागितलं.

पाटाचं_पाणी

बरोबर.  मातीच्या धरणातून आरपार गेलेली जी मोरी असते, तिच्या कडेनं पुष्कळदा घात होतो. पानशेतला पाणी सोडायच्या मोरीचं आणि दरवाजांचं काम अपुरं असताना पावसाळ्यात पाणी साठलं. मोरीवरचा भराव खचला, खचला म्हणून त्या जागी धरणाचा माथा खाली आला आणि पाणी माथ्यावरून गेलं. एकदा मातीवरून पाणी जायला लागलं की देव आला तरी थांबवू शकत नाही. खालचं खडकवासलाही त्याच दिवशी फुटलं.

म्हणून दगड आणि माती मिळतात तिथं हात लावून बघणं ही नुसती लकब नव्हे. आमच्या पुस्तकात हेच चार पानांत लिहिलंय.

खवचट_खान

अवांतर आणि थोडं कडू. लष्कराचं सगळं खरं, पण पोती टाकून शेवटी उपयोग काय झाला? धरण फुटलंच ना? दरवर्षी १२ जुलैला भावुक व्हायचं आणि पुढच्या वर्षी नवीन धरणाचं निकृष्ट काम करायचं. २०१९ ला तिवरे फुटलं तेव्हा तर खेकड्यांवर खापर फोडून झालं.

जुना_पुणेकर

खवचटराव, उपयोग काय झाला ते मी सांगतो, कारण मी त्या दिवशी नऊ वर्षांचा होतो आणि नारायण पेठेत राहत होतो.

धरण सकाळी फुटलं. पाणी आमच्यापर्यंत यायला दुपार झाली. आदल्या रात्री, सगळे झोपेत असताना फुटलं असतं तर मी आज हे टंकायला नसतो. रात्रभर पोती टाकणाऱ्या पोरांनी आम्हाला उजेड मिळवून दिला. आई मला आणि धाकट्या बहिणीला घेऊन चढाच्या दिशेनं निघाली, तिच्या हातात का कोण जाणे पण फक्त पोळपाट होता. लाटणं नाही. लकडी पूल पाण्याखाली गेलेला आम्ही बघितला.

पाणी ओसरल्यावर जो वास होता, ओल्या धान्याचा आणि गाळाचा, तो मला अजूनही कुठल्या गोदामात गेलं की येतो. पुढं दोन वर्षं आम्ही निसेन हटमध्ये काढली. अर्ध्या पिंपासारखं पत्र्याचं घर, उन्हाळ्यात भट्टी.

वेण्णाकाठचा, तुमच्या आबांना एक नमस्कार राहिला माझा. आज्जींना सांगा.

खवचट_खान

मान्य. शब्द मागे घेतो. खेकड्यांवरचे सोडून.

वेण्णाकाठचा

जुना_पुणेकर, आज्जीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, ‘पोळपाट अजून हाय का त्यांच्याकडं?’

खवचट_खान, खेकड्यांवर आबांचंही मत होतं. तिवऱ्याची बातमी ऐकून म्हणाले, ‘खेकडा भोक पाडतोच. त्याचा पगार न्हाई त्यासाठी. ज्याला पगार हाय तो कुठं हुता?’

जुना_पुणेकर

आहे. त्यावरच पोळ्या होतात.

दूरदेशी

मी कॅनडातून वाचतेय, इथं रात्रीचे दोन वाजलेत आणि उद्या ऑफिस आहे. नातवंडांशी कसे होते आबा? धाग्यात सैनिक आला, इंजिनिअर आला, आजोबा थोडे कमी पडले असं वाटलं.

वेण्णाकाठचा

तुमचं खरं आहे. आजोबांबद्दल लिहायला बसलो की गुंता होतो, म्हणून टाळत होतो.

मी आणि माझी चुलत भावंडं, आम्ही सहा. मे महिन्यात सगळे गावी. आबा आइस्क्रीमच्या काड्या वर्षभर जमवून ठेवायचे. वाड्यातल्या, लग्नातल्या, एसटी स्टँडवरच्यासुद्धा. आज्जी म्हणायची, माणूस सुभेदार झाला आणि काड्या गोळा करतोय. त्या धुऊन, वाळवून, रबर लावून गठ्ठे. मेमध्ये आम्हाला फेविकॉल आणि काड्या द्यायचे आणि पूल करायला लावायचे. दोन पाटांमध्ये दोन फुटांचं अंतर, तेवढा पूल. मग वजनं. किराणा दुकानातून मागून आणलेली लोखंडी मापं, एकेक वाढवत न्यायची, पूल मोडेपर्यंत.

मोडला की आम्ही रडायचो किंवा भांडायचो. आबा उकिडवे बसून तुकडे गोळा करायचे आणि मोडलेला सांधा डोळ्यांसमोर धरायचे. चष्मा कपाळावर, काडी नाकाजवळ. काडी मोडली की फेविकॉल सुटला? सुटला तर एका काडीला लागून आला की दोन्हीकडं अर्धा-अर्धा? ‘का मोडला ते मागनं. आधी कुठं मोडला ते बघ.’ आमच्यातला एक जण आज स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, एक जण वकील. वकील म्हणतो की तो उलटतपासणी अशीच घेतो.

मला कधी त्यांनी मारलं नाही, आणि ‘शाब्बास’ही म्हणाले नाहीत. माझा पूल चौदा किलोला टिकला तेव्हा आणखी एक किलोचं माप आणायला स्वतः सायकलवर दुकानात गेले.

थांबा. एक गोष्ट आत्ता लिहिता लिहिता आठवली.

वजन टाकण्याआधी आबा दरवेळी आज्जीची सुपारीची पितळी डबी घ्यायचे आणि ती पुलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश सरकवत न्यायचे. आणि म्हणायचे, ‘आधी म्हातारी.’ डबी पलीकडं पोचली की मगच मापं. आम्हाला वाटायचं आज्जीची चेष्टा चाललीय. आज्जीलाही तेच वाटायचं, ती आतून ओरडायची, ‘म्हातारी कोण रं?’

एसएस ५०. आधी म्हातारी.

निवृत्त_सुभेदार

आमच्यात रीत अशी की पूल झाला की पहिली गाडी आपली न्यायची. पन्नास फुटी पुलावरून गाडीच्या आधी कोण म्हातारी गेली असेल, आणि आबांनी तिला का जाऊ दिलं असेल, हे आता कोण सांगणार.

माझं आज जेवणात लक्ष नाही.

दूरदेशी

धन्यवाद. ऑफिसला दांडी.

वेण्णाकाठचा

एक शेवटची आठवण लिहितो, मग पेन्शनचा कोरडा प्रश्न आहे.

सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत तेवीस माणसं गेली, ते सगळ्यांना आठवत असेल. त्यानंतर तिथला पादचारी पूल लष्करानं बांधला, बॉम्बे सॅपर्सनी. फेब्रुवारी २०१८ च्या शेवटी तो सुरू झाला. आबांनी पेपरात फोटो बघितला आणि मला फोन केला. त्यांनी मला फोन केल्याची ही बहुधा तिसरी वेळ. ‘मुंबईला न्हेतोस का?’

मी रविवारी नेलं, तरी गर्दी होतीच. आबा पुलाच्या मधोमध उभे राहिले आणि काठीच्या टोकानं पॅनेल मोजायला लागले. लोक कडेनं वाट काढत होते, ‘काका, साइडला’, ‘आजोबा, पुढं चला ना’. मला लाज वाटत होती, खोटं कशाला बोलू. मग ते कठड्याशी वाकले आणि दोन पॅनेल जिथं जुळतात तिथल्या पिनेवर अंगठा फिरवला. त्या पिनेला शेवटी एक छोटी क्लिप असते, ती आहे का ते बघितलं. पुढच्या सांध्याची बघितली. त्याच्या पुढच्या. एका पोलिसानं येऊन विचारलं, ‘काय हरवलं का बाबा?’ आबा म्हणाले, ‘न्हाई. सगळं हाय.’

आपण कोण ते त्याला सांगितलं नाही. परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत झोपले.

आता पेन्शन. आज्जीच्या फॅमिली पेन्शनसाठी एका बँकेत गेलो, तर पीपीओवर (पेन्शनच्या आदेशाच्या कागदावर) आज्जीचं नाव वेगळं, आधारवर वेगळं. माहेरचं लाडाचं नाव फौजेच्या कागदात गेलंय. बँकवाल्या बाईंनी तीन वेळा परत पाठवलं.

निवृत्त_सुभेदार

बँकेत हुज्जत घालू नका, तिथं सुटणारा प्रश्न नाही हा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, पीपीओ, आज्जींचं आधार, आणि दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र घेऊन जा. तिथून कागद खडकीच्या रेकॉर्ड ऑफिसला जातील. नाव रेकॉर्डमध्येच दुरुस्त व्हावं लागतं, मग पुढचं सगळं आपोआप सरकतं. डिस्चार्ज बुकची मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नका, झेरॉक्सच द्या. आणि पदकांच्या कडेवरचं स्पेलिंग विसरून जा, ते निम्म्या फौजेचं चुकलेलं आहे.

सातारी_कंदी

+१. कार्यालयात सकाळी जा, चहाच्या आधी.

वेण्णाकाठचा

कागद दिले. साहेबांनी आज्जीला खुर्ची दिली आणि ‘आई’ म्हणाले, तिला तेवढं पुरलं.

दूरदेशी, तुमच्यासाठी: माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. रविवारी तिनं काड्यांचा पूल केला. ट्रंकेत कोटाखाली रबर लावलेले चार गठ्ठे निघाले होते, त्या काड्यांचा. लोखंडी मापं आता कुठं मिळणार, म्हणून साखरेच्या पिशव्या टांगल्या. आधी आज्जीची डबी सरकवली, सावकाश. साडेअकरा किलोला गेला.

डावीकडून तिसरा सांधा. फेविकॉल एकाच काडीला लागून आला होता, वाळू दिला नव्हता.